दोन मिलिमीटरांचं अंतर

पापणीच्या कडेला, केसांच्या अगदी मुळाशी, बारीक तपकिरी खपल्या दिसतात. डोळे लाल असतात, सकाळी चिपडं येतात, खाज काही केल्या थांबत नाही. आधी कुणी अॅलर्जी म्हटलेलं असतं, कुणी कोंडा, कुणी साधा पापणीचा दाह. थेंबांच्या दोन-तीन बाटल्या संपलेल्या असतात. मग एखादे नेत्रतज्ज्ञ रुग्णाला स्लिट लॅम्पच्या टेकूवर हनुवटी ठेवायला सांगतात, प्रकाशाची अरुंद फीत पापणीच्या कडेवर पाडतात आणि भिंगाची ताकद वाढवतात. त्या खपल्यांपैकी एक खपली पाय हलवते.

तिथेच निदान होतं. स्वीडनच्या अल्वार गुलस्ट्रँड यांनी 1911 मध्ये लोकांपुढे ठेवलेलं हे उपकरण नसतं, तर या प्राण्याने डॉक्टरांना आजच्यापेक्षा कितीतरी जास्त चकवलं असतं. पापणीतली ही ऊ डोक्यातली नव्हे. डोक्यातल्या उवा पापण्यांवर फार क्वचित येतात. ही जांघेतल्या केसांत राहणारी ऊ, प्थिरस प्युबिस. जेमतेम दीड मिलिमीटर लांब, जवळपास तेवढीच रुंद आणि चपटी. पुढचे दोन पाय बारीक, मागचे चार जाडजूड आणि टोकाला वळलेली नखी. भिंगाखाली ती हुबेहूब खेकड्यासारखी दिसते.

जांघेतला प्राणी डोळ्यापर्यंत का यावा, याचं उत्तर मला या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर उत्तर वाटतं. ते अंतरात आहे. या उवेला एकाच वेळी दोन केस धरून बसायचं असतं, आणि तिच्या पायांचा पसारा साधारण दोन मिलिमीटर अंतरावरच्या जाड, राठ केसांसाठी बेतलेला आहे. जांघेतले केस तसे असतात. काखेतले, छातीवरचे, दाढीचे, भुवयांचे आणि पापण्यांचेही केस तिला चालतात. डोक्यावर मात्र केस एवढे दाट असतात की तिथे तिचे पाय नीट पडत नाहीत, ते राज्य दुसऱ्या जातीच्या उवेचं. स्वच्छता, गरिबी, पापभीरूपणा यांतलं काहीही ती बघत नाही. केसाची जाडी आणि दोन केसांमधली जागा एवढंच तिला कळतं.

एकदा पकड बसली की ती फारशी जागा सोडत नाही. दिवसभरात चालली तरी फार तर दहा सेंटिमीटर. डोकं पापणीच्या कातडीत खुपसून ती बसते आणि दिवसातून अनेकदा रक्त पिते. तिचं अंग अर्धपारदर्शक असल्यामुळे खालच्या कातडीचाच रंग आरपार दिसतो. म्हणून नुसत्या डोळ्यांना ती सापडत नाही आणि जे दिसतं ते खपलीसारखं वाटतं. पापणीच्या कडेवरचे गंजाच्या रंगाचे कण म्हणजे तिची विष्ठा, पचलेलं रक्त. कधी कधी चावल्याच्या जागी कातडीवर फिकट निळसर ठिपके उमटतात. लिखा मात्र लपत नाहीत. मोत्यासारख्या चमकदार, लांबट अंडाकृती, केसाच्या एका बाजूला घट्ट चिकटवलेल्या. कोंडा बोटाने सरकतो, लीख सरकत नाही. डेमोडेक्स नावाचा सूक्ष्म जीवही पापण्यांत राहतो, पण त्याच्यामुळे केसाच्या बुडाशी सगळीकडून मळाचं कडं बसतं. लीख एका बाजूलाच असते. अनुभवी डॉक्टर एवढ्या खुणेवर दोन आजार वेगळे करतात.

मादी आयुष्यभरात तीसेक अंडी घालते. सहा ते दहा दिवसांत पिल्लू बाहेर येतं आणि लगेच रक्ताला तोंड लावतं. नुसत्या रक्तावर जगणं सोपं नाही. त्यात ब गटातली जीवनसत्त्वं फार थोडी असतात. ती पुरवायला उवेच्या शरीरात रायेसिया नावाचे जीवाणू असतात. आई ते अंड्यातच पिल्लाला देते. म्हणजे पापणीवरची एक ऊ हा एकटा जीव नसून दोन जिवांचा संसार आहे, आणि त्यातल्या एकावाचून दुसऱ्याचं चालत नाही.

तिचं मूळ शोधायला गेलं तर ते आणखी दूर नेतं. फ्लोरिडा विद्यापीठातल्या डेव्हिड रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये उवांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. या उवेची सर्वांत जवळची नातेवाईक गोरिलाच्या अंगावर राहते, आणि दोघींच्या वाटा साधारण तेहतीस लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. पण माणूस आणि गोरिला यांचे पूर्वज त्याच्या कितीतरी आधी, निदान सत्तर लाख वर्षांपूर्वी, वेगळे झालेले होते. म्हणजे ही ऊ आपल्याला वारशात मिळालेली नाही, ती मधल्या काळात गोरिलाच्या वंशाकडून आपल्याकडे आली. गोरिलांनी सोडलेल्या बिछान्यात आपले पूर्वज झोपले असतील, त्यांची शिकार केली असेल. कसंही असो, पापणीवरच्या त्या कणाला आफ्रिकेतल्या एका प्राचीन भेटीचा इतिहास आहे, हे मला विलक्षण वाटतं.

आज ही ऊ दुर्मीळ होत चालली आहे. शरीरावरचे केस काढण्याची पद्धत वाढली आणि तिचं राहतं घर गेलं, असा अंदाज इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी 2006 मध्ये मांडला. रॉटरडॅमच्या निसर्ग संग्रहालयाने तर 2007 मध्ये लोकांना विनंती केली, सापडली तर आम्हाला आणून द्या. दुर्मीळ झाल्यामुळे ती पटकन आठवतही नाही आणि रुग्ण महिनोन्महिने चुकीचे थेंब घालत राहतो.

लहान मुलांच्या बाबतीत फार सांभाळून बोलावं लागतं. त्यांच्या अंगावर राठ केस नसतात, म्हणून ऊ आली तर ती बहुतेक वेळा पापण्यांवरच बसते. मोठ्यांत ही ऊ मुख्यतः शरीरसंबंधातून पसरते. त्यामुळे मुलाच्या पापणीत ती दिसली की लैंगिक अत्याचाराची शंका डॉक्टरांना बाजूला ठेवता येत नाही. तसा संशय आला तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. पण आईवडिलांच्या कुशीत एकाच गादीवर झोपल्याने, एकच टॉवेल वापरल्यानेही ती मुलाकडे येते, आणि आपल्याकडे कितीतरी घरांत मुलं तशीच झोपतात. म्हणून आधी घरातल्या मोठ्यांची तपासणी आणि शांतपणे, आडोशाला विचारलेले प्रश्न. आरोप किंवा लाजवणं यांना तिथे जागा नाही. ज्या आईला ओरडा खावा लागतो ती पुन्हा दवाखान्यात येत नाही, आणि मग मुलाची खरी हकिकत कुणालाच कळत नाही.

उपचारातही सगळा सामना पकडीशीच. भूल देणारा थेंब घालून, स्लिट लॅम्पखाली बारीक चिमट्याने एकेक ऊ आणि लीख काढतात. ओढलं की ऊ केस आणखी आवळते, पुष्कळदा पापणीचा केसच हातात येतो. काही डॉक्टर कात्रीच्या पात्यांना मलम लावून पापण्यांचे केस बुडाशी कापतात, म्हणजे तुकडे डोळ्यात पडत नाहीत. केस काही आठवड्यांत परत येतात. सोबत डोळ्यांना चालेल असं पेट्रोलियम जेलीचं मलम कडेवर जाड थर देऊन दिवसातून दोन ते चार वेळा लावायचं. उवेच्या अंगावर श्वासाची छिद्रं असतात, ती बुजली की ती गुदमरते. लिखा त्याने मरत नाहीत. म्हणून दोन दिवसांत बरं वाटलं तरी मलम आठ-दहा दिवस चालू ठेवावं लागतं, नाहीतर उरलेल्या लिखांतून सगळं नव्याने सुरू होतं.

डोक्याच्या उवांसाठी मिळणारं औषधी लोशन पापणीला लावू नये, बुबुळाला इजा होते. रॉकेल तर डोळ्याच्या आसपासही नको. फार जास्त लागण असेल तर आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या वजनानुसार, काही दिवसांच्या अंतराने दोनदा देतात. लहान मुलं आणि गरोदर बायकांच्या बाबतीत तो निर्णय डॉक्टरांचाच. या औषधाचा मूळ जीवाणू सातोशी ओमुरा यांना जपानमधल्या मातीत सापडला. ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना त्यासाठी 2015 चं नोबेल मिळालं.

ही ऊ कोणताही रोग पसरवत नाही, आणि अंगावरून सुटली तर एक-दोन दिवसांत मरते. तरी जोडीदाराची आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी करावी लागते. अंगावरच्या इतर केसांतल्या उवांवर वेगळं औषध असतं, आणि मोठ्या माणसांनी इतर लैंगिक संसर्गांची चाचणीही करून घ्यायची. चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल कढत पाण्यात धुवायचे. धुता न येणारं काही असेल तर पिशवीत बांधून दोन आठवडे बाजूला. आठवडाभराने पुन्हा स्लिट लॅम्पखाली बसायचं, कारण मागच्या वेळी नजरेतून सुटलेली एखादी लीख तोवर फुटलेली असू शकते.