विश्लेषण : घोड्यांच्या पायांनाही ‘चिखल्या’ का होतात? उपचार कसे करावेत?

मोटारींना बंदी असलेल्या माथेरानमध्ये पर्यटकांची आणि सामानाची वाहतूक आजही मोठ्या प्रमाणावर घोड्यांवर अवलंबून आहे. पावसाळ्यात चिखलातून रोज ये-जा करणाऱ्या घोड्यांच्या खुरांच्या वरची कातडी लाल होते, चिरते, त्यावर खपल्या धरतात. भातलावणी करणाऱ्यांच्या पायाच्या बोटांत चिखल्या होतात, तसाच हा त्रास. दुर्लक्ष झाले तर घोडा लंगडू लागतो आणि घोडेवाल्याची रोजची कमाई थांबते.

नेमके काय होते?
त्रासाची सुरुवात बहुतेकदा खुराच्या वर, मागच्या बाजूच्या घडीत होते. तिथे ओल साचून राहते. आधी केस चिकटतात, मग पिवळसर स्राव येतो आणि त्याच्या घट्ट खपल्या होतात. खपलीखाली कातडी ओली, कच्ची असते. हात लावला की घोडा पाय झटकतो. पांढऱ्या पायांच्या घोड्यांना हा त्रास अधिक होतो, कारण पांढऱ्या केसांखालची गुलाबी कातडी नाजूक असते. शुभ मानल्या जाणाऱ्या ‘पंचकल्याणी’ घोड्याचे चारही पाय पांढरे असल्याने त्याची विशेष काळजी घ्यावी लागते.

दोष चिखलाचा की ओलाव्याचा?
मूळ कारण ओलावा. सतत भिजलेली कातडी मऊ पडते. चिखलातील खडे, वाळू यांनी तिला बारीक चिरा पडतात आणि त्यातून ‘डर्माटोफिलस’ किंवा ‘स्टॅफिलोकोकस’सारखे जिवाणू आत शिरतात. म्हणूनच दिवसातून दोन-तीनदा पाय धुऊन ते ओलेच सोडले, तर चिखल गेला तरी आजार वाढतो. काही वेळा मात्र बुरशी किंवा खरजेचे किडे हेही कारण असते.

उपचाराचा क्रम काय?
घोड्याला आधी कोरड्या जागी बांधावे. बाधित भागावरचे लांब केस कातरावेत. कोमट पाण्याने खपल्या भिजवाव्यात. क्लोरहेक्सिडीनचा जंतुनाशक शाम्पू किंवा फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ केलेले पोव्हिडोन आयोडीन लावून दहा मिनिटे थांबावे आणि मग स्वच्छ धुवावे. मऊ पडून सहज सुटतील तेवढ्याच खपल्या काढाव्यात. त्यात जंतू जिवंत राहतात, त्यामुळे त्या तबेल्यात न टाकता त्यांची विल्हेवाट लावावी. शेवटी स्वच्छ फडक्याने टिपून पाय पूर्ण कोरडा करावा. ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. मलम लावायचे ते त्यानंतरच.

हा संसर्ग माणसालाही होऊ शकतो. त्यामुळे हातमोजे घालावेत. एका घोड्याचे फडके आणि खराऱ्याचा ब्रश दुसऱ्याला वापरू नये.

काय टाळावे?
कोरडी खपली ओढून काढू नये. त्याने वेदना होतात आणि जखम वाढते. जळके ऑइल, रॉकेल किंवा पाणी न मिसळलेले जंतुनाशक लावल्यास कातडी भाजते. ओल्या खपलीवर घट्ट मलम थापले तर ओल आणि जंतू आतच कोंडले जातात. ओल्या पायावर पट्टी बांधण्यानेही हेच होते.

डॉक्टरांना कधी बोलवावे?
पाय सुजला, गरम लागला, घोडा लंगडू लागला किंवा त्याला ताप आला, तर संसर्ग कातडीखाली पसरल्याची शक्यता असते. अशा वेळी त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवावे. प्रतिजैविक कोणते आणि किती दिवस, हे त्यांनीच ठरवायचे. आठवडाभर काळजी घेऊनही फरक पडत नसेल, तरी तपासणी करून घ्यावी. जखम खोल असेल तर धनुर्वाताच्या लसीबद्दल विचारावे.

प्रत्येक फोड साधाच असतो का?
नाही. पायाच्या आतल्या बाजूने रांगेत गाठी उठल्या, त्या फुटून चिकट पू येऊ लागला किंवा सोबत नाकातून घट्ट स्राव असेल, तर ‘ग्लँडर्स’ची शंका घ्यायला हवी. हा जिवाणूजन्य आजार माणसालाही होतो आणि जीवघेणा ठरू शकतो. अशा जखमेला हात न लावता घोडा वेगळा बांधावा आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवावे. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात याच्या निदानाची सोय आहे. बाधित घोड्यावर उपचार केले जात नाहीत. २००९ च्या प्राणी रोग नियंत्रण कायद्यानुसार त्याला वेदनारहित मरण द्यावे लागते आणि मालकाला भरपाईची तरतूद आहे. नुकसानीच्या भीतीने गाठी लपवल्या, तर शेजारच्या तबेल्यातील घोड्यांसह स्वतःच्या कुटुंबालाही धोका संभवतो.

रोज काय करता येईल?
काम संपल्यावर चिखल वाळू द्यावा आणि मऊ ब्रशने झाडावा. पाय धुतलेच तर लगेच पुसावेत. तबेल्यात उंच, निचऱ्याची जागा आणि कोरडा पेंढा ठेवावा. रोज संध्याकाळी चारही पायांच्या घडीत बोट फिरवून पाहावे. डोळ्यांना दिसण्याआधी खपलीचा पहिला खरखरीतपणा बोटांना जाणवतो.