लाल आणि पिवळ्याच्या मधला पट्टा

कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या टेकड्यांवर वसंतात मंकीफ्लॉवरची झुडपं फुलतात. राळेमुळे त्यांची पानं इतकी चिकट असतात की फांदी बाजूला सारली तरी बोटं चिकचिकतात. समुद्रालगत ही फुलं लाल, आत डोंगरांकडे पिवळी. मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात मात्र एकाच उतारावर लाल, शेंदरी, नारिंगी, फिकट केशरी अशी झुडपं दाटीनं उभी दिसतात. माझे पाय तिथंच अडखळतात.

फूल जवळून पाहावं. आत कुक्षीच्या दोन पाळ्या उघड्या असतात. गवताची काडी हलकेच लावली, की काही सेकंदांत त्या मिटतात; पुरेसे पराग मिळाले नसतील, तर नंतर पुन्हा उघडतात. हे कितीदाही पाहिलं तरी मन भरत नाही. लाल फुलात कुक्षी नळीबाहेर डोकावते आणि तिथं हमिंगबर्ड येतात. पिवळ्याच्या पाकळ्या मोठ्या, पसरट. त्यावर हॉकमॉथ पतंग घिरट्या घालतात. पण ही वाटणी काटेकोर नाही. पक्षी पिवळ्यावरही जातो, पराग इकडचे तिकडे होतात आणि संकरित झुडपांनाही बी धरतं.

मग दोन्ही रंग केव्हाच एकमेकांत विरघळून का गेले नाहीत? फुलात अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य तयार होणार की नाही, हे मुख्यतः मामिब२ नावाचं जनुक ठरवतं. मॅथ्यू स्ट्राइसफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये ते दाखवून दिलं. किनाऱ्याकडून आत जाताना इतर बहुतेक जनुकं हळूहळू बदलतात. मामिब२ मात्र या पट्ट्यातच एकदम पालटतं. परागवाहकांची आवड तिथं चाळणीसारखी काम करते: बाकीचं बरंच काही पलीकडे जातं, रंगाचं जनुक अडतं.

संकराला भेसळ म्हणून हिणवणं मला म्हणूनच पटत नाही. शॉन स्टँकोव्स्की आणि स्ट्राइसफेल्ड यांनी २०१५मध्ये या जनुकाचा माग काढला. ज्या लाल रंगानं ही दोन रूपं आज वेगळी राहिली आहेत, तो रंगही जुन्या संकरातूनच इथं आला, असं त्यांना आढळलं.