शरीराच्या बॉयलरचा फायरमन : थायरॉईड ग्रंथी



ऊस नोंदणी आणि लागण पाहणीच्या निमित्ताने पवन मावळ, नाणे मावळातल्या गावांत आमचे जाणे-येणे असते. ओट्यावर बसले की उसाच्या जोडीने घरच्यांच्या तब्येतीचाही विषय निघतो. "खाणं-पिणं चांगलं आहे, पण अंगात जीवच नाही," असे कोणी सांगतो. कोणाच्या घरी सूनबाई सदा थकलेली असते आणि तिच्यावर आळशीपणाचा शिक्का बसलेला असतो. थकव्याची कारणे पुष्कळ असतात. रक्त कमी असणे, मधुमेह, अपुरी झोप ही त्यांपैकीच. पण एक कारण असे आहे, की ते बाहेरून दिसत नाही, रक्ताच्या एका तपासणीत कळते आणि रोजच्या एका लहान गोळीने आटोक्यात येते. ते कारण म्हणजे थायरॉईड. मी डॉक्टर नव्हे, शेतकीचा माणूस आहे. तरी हा विषय आपल्या भाषेत सांगण्याजोगा वाटला, म्हणून हा लेख.

ऊर्जा अन्नात, पण आच कोणाच्या हाती?

आपल्या कारखान्याचे बॉयलर बगॅसवर चालते. पण बगॅसचा ढीग मोठा म्हणून वाफ जास्त, असे होत नाही. भट्टीत बगॅस किती सोडायचा, वारा किती द्यायचा, हे फायरमन पाहतो. तो सुस्तावला तर ढीग तसाच पडून राहतो आणि वाफेचा दाब उतरतो. तो बेफाम झाला तर ढीग भराभर संपतो आणि यंत्रावर ताण येतो.

शरीराचेही तसेच आहे. भाकरी, भात, दूध हा आपला बगॅस. पेशींत त्याचे ज्वलन होऊन ऊब आणि ताकद मिळते. हे ज्वलन कोणत्या वेगाने चालावे, हे मुख्यतः गळ्यातली थायरॉईड ग्रंथी ठरवते. ती फुलपाखराच्या आकाराची असते आणि तिचे वजन जेमतेम १५ ते २० ग्रॅम भरते. ती रक्तात दोन संप्रेरके सोडते. एकाच्या कणात आयोडीनचे चार अणू असतात, ते टी-फोर. दुसऱ्यात तीन असतात, ते टी-थ्री. ग्रंथीतून मुख्यतः टी-फोर निघते. पुढे यकृत वगैरे अवयवांत त्यातला एक आयोडीन काढला जातो आणि खरे काम करणारे टी-थ्री तयार होते. ते पेशीच्या केंद्रात जाऊन हुकूम देते. मग पेशी जास्त प्राणवायू वापरते, साखर आणि चरबी जास्त जाळते, अंगात ऊब येते, हृदयाचे ठोके वाढतात.

ही ग्रंथी अजिबात काम करेनाशी झाली, तर स्वस्थ पडलेल्या माणसाचे ज्वलन जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते. ती फारच जोरात चालली तर तेच ज्वलन नेहमीपेक्षा ६० ते १०० टक्क्यांनी वाढू शकते. माणूस किती प्राणवायू घेतो, यावरून हे ज्वलन मोजता येते. १८९५ साली जर्मनीत माग्नुस-लेव्ही या शास्त्रज्ञाने असेच मोजून थायरॉईडचा आणि शरीराच्या ज्वलनाचा संबंध दाखवला.

मुकादम ओरडतो तेव्हा

मेंदूच्या तळाशी एक लहान ग्रंथी असते. ती टी.एस.एच. नावाचे संप्रेरक सोडून थायरॉईडला कामाला लावते. हा झाला तोडणी टोळीचा मुकादम. टोळी नीट काम करीत असेल तर मुकादम हळू बोलतो. टोळी ढिली पडली की त्याचा आवाज चढतो. म्हणून रिपोर्टवर टी.एस.एच. वाढलेले असेल, तर "थायरॉईड जास्त झाला" असा अर्थ बहुधा उलटा ठरतो. मुकादम ओरडतो आहे, म्हणजे टोळीचे काम कमी पडते आहे. टी.एस.एच. फार कमी असेल, तर बहुतेक वेळा थायरॉईड बेफाम सुटलेला असतो. रिपोर्ट हाती आला की एवढे ध्यानात ठेवावे आणि अर्थ डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा.

ओळखावे कसे?

काम कमी असेल तर थकवा, थंडी सहन न होणे, कोरडी त्वचा, केस गळणे, बद्धकोष्ठ, मंद नाडी, बायकांची पाळी बिघडणे, अंगावर सूज आणि थोडे वजन वाढणे, अशी लक्षणे दिसतात. 'थोडे' हा शब्द मुद्दाम वापरला. हे वजन सहसा काही किलोंचेच असते आणि त्यातले बरेचसे अंगात साठलेले पाणी असते. वीस किलोंचा दोष एकट्या थायरॉईडवर ढकलू नये.

काम जास्त असेल तर भूक चांगली असूनही वजन उतरते, छाती धडधडते, हात थरथरतात, घाम येतो, झोप लागत नाही. अशा रोगावर गोळ्या आहेत. काहींना किरणोत्सर्गी आयोडीनही देतात. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ साली सुरू झाले, तेथे हे काम झाले आहे.

हा आजार विरळा समजू नका. मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ शहरांच्या पाहणीत (२०१३) सुमारे ११ टक्के प्रौढांमध्ये थायरॉईडचे काम कमी आढळले. त्यात स्त्रियांचे प्रमाण जास्त होते.

मीठ आणि पाऊस

आयोडीन जमिनीतून पिकात आणि पिकातून आपल्यात येते. डोंगराळ, अतिपावसाच्या भागात ते जमिनीतून धुऊन जाते. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा केवळ आपल्या शेतातल्या धान्यावर विसंबू नये. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी होतो हे दाखवले. १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि २००६ पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकण्यास देशभर बंदी आहे. तरीही लोणच्यासाठी किंवा जनावरांसाठी आणलेले खडे मीठ पुष्कळ घरांत रोजच्या आमटीत पडते. त्यात आयोडीन असेलच असे नाही. पावसाळ्यात मीठ उघडे राहून पाझरले, तर त्यातले आयोडीनही कमी होते. मात्र आयोडीन मिळावे म्हणून मीठ जास्त खाऊ नये. शिवाय आज बऱ्याच जणांत दोष आयोडीनचा नसतो. शरीराची संरक्षक यंत्रणाच आपल्या ग्रंथीवर उलटते. तेथे मिठाने भागत नाही, गोळीच लागते.

आसने करावीत, गोळी सोडू नये

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि योगाची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली. प्राणायामात माणूस किती प्राणवायू घेतो, याचीही मोजमापे तेथे झाली. सर्वांगासनाचा संबंध त्यांनी थायरॉईडच्या आरोग्याशी जोडला होता. आसनांनी अंग मोकळे होते, मन शांत राहते, हे खरे. पण निकामी झालेली ग्रंथी आसनाने पुन्हा संप्रेरक करू लागते, असे धरून गोळी बंद करणे धोक्याचे आहे. मानेचा किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्याने तर सर्वांगासन विचारल्याशिवाय करूच नये.

उसावर केवडा पडला की आपण नुसता युरिया टाकत नाही. लोह कमी आहे का, जमीन कशी आहे, ते पाहतो. माणसाच्या थकव्यावरही टॉनिकची बाटली आणण्याआधी तपासणी करावी.

सभासदांनी एवढे करावे

१. थकवा महिनोन्‌महिने हटत नसेल, तर डॉक्टरांना दाखवून हिमोग्लोबिन, साखर आणि टी.एस.एच. तपासून घ्यावे.

२. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी. चहा अर्ध्या ते एक तासाने. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर ठेवावे.

३. आठ दिवसांत फरक नाही म्हणून गोळी सोडू नये. टी-फोर निम्मे व्हायलाच रक्तात सात दिवस लागतात, म्हणून पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करतात. गोळी कमी-जास्त करणे डॉक्टरांचे काम.

४. वजन उतरवायला किंवा तरतरी यावी म्हणून दुसऱ्याची गोळी घेऊ नये. हृदयाला धोका असतो.

५. घरात सून-लेक गरोदर असेल, तर डॉक्टरांना विचारून टी.एस.एच. लवकर तपासावे. आधीपासून गोळी चालू असेल तर ती बंद करू नये. बहुधा मात्रा वाढवावी लागते.

६. बाळ जन्मल्यावर टाचेतून थेंबभर रक्त घेऊन होणारी तपासणी मागून घ्यावी. साधारण हजार-दोन हजार बाळांत एकाची ही ग्रंथी जन्मतः काम करत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल इतरांसारखे वाढते. उशीर झाला तर बुद्धीचे नुकसान पुढे भरून येत नाही.

७. रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनचे मीठच वापरावे. झाकणाच्या कोरड्या बरणीत, चुलीपासून लांब ठेवावे.

गळीत हंगामात बॉयलरचा दाब आपण तासातासाला पाहतो. घरातल्या माणसाचा दाब उतरलेला दिसला, तर त्याला बोल लावण्याआधी एकदा रक्त तपासून घ्यावे, ही सर्व सभासदांना विनंती.

— ऊस विकास अधिकारी