लव्हाळा म्हणजे गवत नव्हे!

शेतकरी बंधूंनो, उसात लव्हाळा माजला की आपण म्हणतो, "गवत लई झालंय." इथंच चूक होते आणि औषधाचे पैसे वाया जातात.

लव्हाळ्याचा फुलोऱ्याचा दांडा दोन बोटांत फिरवून पाहा. तीन कडा बोटाला लागतील. दांडा भरीव, पेरे नाहीत, पाने तीन रांगांत. गवताची काडी पेरांची आणि पाने दोन रांगांत असतात. म्हणूनच शास्त्रज्ञांनी लव्हाळ्याचे कूळ वेगळे मानले, सायपरेसी. हरळी, ज्वारी आणि आपला ऊससुद्धा गवताच्या पोएसी कुळातले.

स्वीडनचे कार्ल लिनियस यांनी १७५३ साली लव्हाळ्याला 'सायपरस रोटुंडस' हे नाव दिले. सायपरस ही प्रजाती, रोटुंडस ही जात. रोटुंडस म्हणजे गोल.

जात ओळखणेही महत्त्वाचे. भातातला 'सायपरस इरिया' हा त्याचाच भाऊबंद, पण तो बियांवर येतो आणि हंगामात संपतो. बी धरण्याआधी उपटला की झालं. रोटुंडसच्या गाठी मात्र जमिनीत माळेसारख्या ओवलेल्या असतात. वरून उपटला की माळ तुटते आणि सुटलेल्या गाठी पुन्हा फुटतात.

तेव्हा दुकानात "गवताचं औषध द्या" म्हणू नका. डब्यावर आपले पीक आणि 'सायपरस रोटुंडस' ही दोन्ही नावे आहेत का, ते वाचूनच घ्या. रान मोकळे असेल तर उन्हाळ्यात खोल नांगरट करा, गाठी उन्हात तापू द्या आणि वेचून काढा. नाव नीट कळलं की निम्मं काम झालं!