वानर आणि वनाची पेरणी

आमच्या मराठी भाषेने माकडास फारसा मान दिलेला नाही. अविचारी मनुष्याच्या हाती अधिकार गेला, की आपण 'माकडाच्या हाती कोलीत' असे म्हणतो; वात्रट मुलास 'मर्कटचेष्टा पुरे' म्हणून दटावतो. शेतकऱ्यास तर हा प्राणी दृष्टीसमोर नकोसा होतो, आणि ते साहजिकच आहे; कारण हातातोंडाशी आलेले पीक एका टोळीने घटकाभरात नासलेले पाहणे कोणासही सोसत नाही. परंतु शेतात जो चोर ठरतो, तोच अरण्यात बी पेरणारा गडी आहे, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. तिचाच थोडासा विचार आम्ही येथे विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडीत आहोत.

वृक्षास पाय नाहीत. तो जेथे उगवला तेथेच त्याचा जन्म जावयाचा. मात्र त्याच्या संततीस दूर जाणे अगत्याचे असते. ह्याचे प्रत्यंतर कोणासही घेता येईल. पहिल्या पावसानंतर एखाद्या निंबाच्या अथवा जांभळाच्या झाडाखाली जाऊन पाहावे. तेथे रोपांची दाटी झालेली दिसते. परंतु दिवाळीच्या सुमारास पुन्हा तेथे गेल्यास त्यांतील फारच थोडी शिल्लक उरलेली आढळतात. छाया दाट असते, पाण्याची वाटणी होते, हे एक कारण झाले. दुसरे कारण जॅन्झन ह्या शास्त्रज्ञाने १९७० साली व कॉनेल ह्याने १९७१ साली स्वतंत्रपणे पुढे मांडले. ते असे, की मातृवृक्षाच्या पायथ्याशी त्या जातीवर जगणाऱ्या किडी व बुरशी ह्यांचा तळ पडलेला असतो. म्हणून जे बी आईपासून दूर जाऊन पडते, त्यासच मोठे होण्याची आशा अधिक.

तर मग बीजाने दूर जावे कसे? सावरीचे बी कापसावर बसून वाऱ्याबरोबर जाते. नारळ पाण्यावर तरंगत जातो. आघाड्याची बोंडे आपल्या धोतरास चिकटून फुकट प्रवास करतात. परंतु उष्ण कटिबंधातील पर्जन्यारण्यांत, जेथे झाडीच्या दाटीमुळे आत वारा शिरत नाही, तेथे बहुसंख्य वृक्ष हे काम प्राण्यांवर सोपवितात. बीजाभोवतीचा गोड गर ही त्या कामाची हमाली होय. आणि ह्या व्यवहारात वृक्ष चतुर आहे. बी तयार होईपर्यंत तो फळ हिरवे, तुरट वा आंबट ठेवतो. बी तयार झाले, की फळास रंग, वास व गोडी देऊन जणू दवंडी पिटतो. माकडाचे डोळे तांबडा व हिरवा हा भेद मनुष्याप्रमाणेच ओळखतात, त्यामुळे पानांच्या गर्दीत पिकले फळ त्याच्या नजरेतून सुटत नाही. फणसासारखे जाड सालीचे फळ फोडणे पाखराच्या चोचीस जड जाते. माकडाच्या हातांस व दातांस ते जड नाही.

आपल्याकडे 'माकड' व 'वानर' हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. तथापि हे दोन निरनिराळे प्राणी आहेत व त्यांची पेरणीची रीतही निरनिराळी आहे. माकडाच्या गालांत दोन पिशव्या असतात. फळझाडावर आपल्याहून बलवान सोबती येण्यापूर्वी ते ह्या पिशव्या भरून घेते आणि दुसऱ्या झाडावर जाऊन निवांतपणे गर खाते व बिया थुंकून टाकते. ह्याप्रमाणे मोठे बी मातृवृक्षापासून काही अंतरावर जाऊन पडते. बारीक बी गिळले जाते व विष्ठेबरोबर त्याहूनही दूर पोहोचते. काळ्या तोंडाच्या, लांब शेपटीच्या वानरास अशा पिशव्या नाहीत. त्याचे जठर गाईबैलांच्या जठराप्रमाणे अनेक कप्प्यांचे असते, कारण त्याचा मुख्य आहार पाला हा होय. ते फळेही आवडीने खाते. परंतु पुष्कळ बिया चावून नष्टही करते. तेव्हा हिशेब मांडावयाचा तर जमा व खर्च ह्या दोन्ही बाजू मांडावयास हव्यात. तथापि बारीक बियांच्या बाबतीत जमेची बाजू बरीच भक्कम आहे.

ह्या बारीक बियांचे उत्तम उदाहरण म्हणजे वड, पिंपळ व उंबर ह्यांचे कूळ. न दिसणाऱ्या मनुष्यास आपण 'उंबराचे फूल' म्हणतो; वस्तुतः फुले त्या फळाच्या पोटातच दडलेली असतात आणि एक अतिसूक्ष्म माशी आत शिरून त्यांचे परागण करते. एक पिकलेले उंबर फोडून आतील बिया मोजू लागल्यास विद्यार्थ्यांची मोजदाद लवकरच थकेल. ह्या कुळातील झाडे एकाच ऋतूत फळत नाहीत. त्यामुळे इतर फळांचा दुष्काळ असता तीच माकडे, पाखरे व वटवाघळे ह्यांना पोसतात, आणि हे पाहुणे त्यांचे बी कड्यांच्या फटींत व इतर झाडांच्या खांद्यांवर नेऊन पेरतात. संगमनेर तालुक्यातील पेमगिरीचा महावटवृक्ष, ज्याचा विस्तार एकरांनी मोजावा लागतो, त्याचा आरंभही खसखशीसारख्या एका बीजापासूनच झाला असला पाहिजे.

आमचा नगर जिल्हा अवर्षणाचा म्हणून प्रसिद्ध असला, तरी त्याच्या पश्चिम टोकास अकोले तालुका आहे. तेथे घाटघर व रतनवाडीकडे पावसाळ्यात आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो. कळसूबाई व हरिश्चंद्रगड ह्यांच्या परिसरातील ह्या वनास १९८६ साली अभयारण्य म्हणून संरक्षण मिळाले. ॲमेझॉनसारखे पर्जन्यारण्य ते नव्हे. परंतु त्यातील घळींत व देवरायांत जांभूळ, हिरडा, आंबा, उंबर ह्यांची दाट, हिरवी झाडी अद्याप टिकून आहे. येथूनच प्रवरा नदी उगम पावते व खाली भंडारदऱ्याच्या धरणात साठून अनेक गावांची शेते भिजविते. तेव्हा डोंगरावरील झाडी कोण पेरतो, हा प्रश्न खालच्या शेतकऱ्यासही परका नाही.

पेरणारा गेला तर काय होते? ॲमेझॉनच्या खोऱ्यात जेथे शिकारीमुळे मोठी माकडे नाहीशी झाली, तेथील वनांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. मोठ्या बियांचे, जड लाकडाचे वृक्ष हळूहळू कमी होऊन त्यांच्या जागी हलक्या लाकडाची झाडे येतील व अरण्याची कर्ब साठविण्याची शक्ती घटेल, असे त्या अभ्यासाचे अनुमान आहे. जुने वृक्ष उभे असतात म्हणून अरण्य भरलेले दिसते. परंतु ज्या घरात केवळ वृद्धच उरले, त्या घरासारखी त्याची स्थिती असते.

शिकारीवाचूनही माकडाचे काम बंद पाडता येते, आणि ते आपण पुण्य समजून करीत असतो! उत्तर बंगालमधील बक्सा येथील अरण्यात रस्त्यावरून जाणारे लोक माकडांस खाऊ घालीत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसून आले, की ही माकडे रानफळे कमी खाऊ लागली, वनात कमी हिंडू लागली, आणि त्यांनी नेलेल्या पुष्कळ बिया, जेथे कधीच उगवणार नाहीत अशा रस्त्यावरच पडू लागल्या. बक्सा दूर आहे. परंतु घाटातील वळणावर अथवा गडावरील देवळापाशी माकडांच्या टोळीस बिस्किटे व चणे फेकणारी मंडळी आमच्याकडेही थोडी नाहीत. मारुतीरायाचे वंशज म्हणून त्यांस घास देणाऱ्याच्या भक्तीस आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु आयत्या घासाने माकड आळशी व धीट होते. मग ते रान सोडून मनुष्याच्या पिशवीस, घरास व शेतास हात घालते. म्हणजे अरण्याचा गडी जातो आणि गावास चोर मिळतो. नुकसान दोहोंकडे होते.

म्हणून आमचे विद्यार्थ्यांस व पालकांस इतकेच सांगणे आहे: सहलीस भंडारदऱ्यास अथवा हरिश्चंद्रगडास जाल, तेव्हा माकडे अवश्य पाहा, ती काय खातात, कोठे जातात, बी कोठे टाकतात, ह्याची वहीत नोंद करा, मात्र शिदोरीची पिशवी बांधलेलीच ठेवा. बांधावरील उंबर किंवा जांभूळ तोडण्याचा प्रसंग आला, तर दोनदा विचार करा. माकडास आपल्या दयेची गरज नाही; त्याला त्याचे रान व त्याचे काम असले म्हणजे पुरे.