बटाट्यावरचा आळ

आषाढी एकादशीच्या सकाळी काचऱ्या करपल्या. आच मंद होती, तूप भरपूर होतं, कुठे दुर्लक्षही नव्हतं. तरी कडा काळपट झाल्या आणि आत गुळचट चव उतरली. “भाजीवाल्यानं गोडा बटाटा गळ्यात मारला,” सासूबाई म्हणाल्या. भाजीवाला बिचारा निर्दोष होता. बटाटे आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवले होते मी.

‘फ्रिजमध्ये भाजी टिकते’ हे बटाट्यापुरतं अर्धंच खरं. साधारण चार अंशाच्या गारठ्यात त्याच्यातल्या पिठाची हळूहळू साखर होते आणि ती साखर तेला-तुपात पटकन लाल, मग काळी होते. मुळात आषाढात बाजारात येणारा बराच बटाटा हिवाळ्यात निघून शीतगृहातून आलेला असतो, त्यामुळे तो आधीच थोडा गोड असू शकतो. असा बटाटा टोपलीत, उजेडापासून दूर, हवेशीर जागी आठ-पंधरा दिवस राहिला तर गोडी बरीच उतरते. मात्र कांद्याच्या टोपलीत नको. शेजारी ठेवले की दोन्ही लवकर खराब होतात.

उजेडाचं कारण वेगळं. उजेडात बटाटा हिरवा पडतो. तो हिरवा रंग स्वतः निरुपद्रवी असतो, पण त्याच्या जोडीनं सोलॅनिनसारखी कडू विषारी द्रव्यं वाढतात. ‘कुकरला चार शिट्ट्या दिल्या की सगळं मरतं’ यावर विसंबू नका, उकळल्यानं ती जात नाहीत. हिरवट भाग आणि कोंब खोलवर काढून टाका. फार हिरवा किंवा चवीला कडू असेल तर अख्खा बटाटा टाका. इथे काटकसर नको.

आमटी खारट झाली की बटाट्याची फोड टाकायची, हा सल्ला तर घरोघरी. फोड काही मीठ वेचून घेत नाही. ती मिठासकट पाणी शोषते. उरलेली आमटी जवळपास तेवढीच खारट राहते, फक्त वाटीभर कमी होते. त्यापेक्षा बिनमिठाचं वरण किंवा गरम पाणी घालावं.

आता ‘बटाटा जुना आहे, शिजतच नाही’ ही तक्रार. रस्सा आठवून पाहा: फोडणीवर टोमॅटो, लगोलग चिंचेचा कोळ आणि मग बटाट्याच्या फोडी. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं पेक्टिन आंबटात सहज सुटत नाही, म्हणून फोड अर्धा तास उकळली तरी दाताखाली कचकचते. फोडी आधी शिजू द्या, आंबट मागून घाला. सुक्या पिवळ्या भाजीत लिंबू गॅस बंद केल्यावर पिळायची जुनी पद्धत तशी चवीसाठी, पण या दृष्टीनंही सोयीची.

बटाटावड्याचं सारण चिकट झालं तरी दोष बटाट्यालाच. खरा गुन्हेगार मिक्सर. पाती पेशी फोडते, पीठ बाहेर येतं आणि सारणाची खळ होते. उकडून, निथळून, थोडं निवू देऊन हातानं कुस्करावा. काही गोळे राहिले तर राहू द्यावेत, मला तर ते हवेच असतात.

वजनाचंही तसंच. 100 ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात 90च्या आतच उष्मांक, बाकी बहुतेक पाणी. तेवढ्याच कोरड्या साबुदाण्यात सुमारे 350, शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर. वर तूप वेगळंच.

आणि हे सगळं ‘पूर्वापार’ उपासाचं! बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि ज्याच्या कंदापासून साबुदाणा होतो तो कसावा, हे चौघंही अमेरिका खंडांतले. युरोपीय जहाजांतून ते इथे यायला सोळावं शतक उजाडावं लागलं आणि ‘बटाटा’ हे नावसुद्धा पोर्तुगीजांकडून आलं. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी काळ्या काचऱ्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “मग रताळं उकड.”

रताळंही तिकडचंच. ते मी सांगितलं नाही.