दोन थरांमधलं लाकूड

न्यू इंग्लंडमधल्या जुन्या होड्यांवर दिवाळी अंकासाठी लिहा, असं संपादकांनी सुचवलं, म्हणून ऱ्होड आयलंडमधलं ब्रिस्टल गाठलं. १८९३ ते १९३४ या काळात अमेरिका कप जिंकणारी प्रत्येक होडी याच गावात, हेरेशॉफ यांच्या कारखान्यात बांधलेली. पुढे क्लिंटन आणि एव्हरेट या पिअरसन चुलतभावांनी इथेच फायबरग्लासच्या होड्या काढल्या. १९५९ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात त्यांनी ‘ट्रायटन’ मांडली. कार्ल अल्बर्ग यांनी आखलेली ही सुमारे अठ्ठावीस फुटी शिडाची होडी मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्यातली होती. १९६७ पर्यंत अशा सुमारे ७०० होड्या तयार झाल्या. फायबरग्लास कुजत नाही, या भरवशावर लोकांनी त्या घेतल्या.

भरवसा खरा होता, पण डेकमध्ये, म्हणजे होडीच्या वरच्या सपाट भागात, नुसतं फायबरग्लास नसतं. गावातल्या एका दुरुस्ती यार्डात एका ट्रायटनवर वयस्कर कारागीर गुडघे टेकून छोट्या हातोडीने ठोकत इंच इंच पुढे सरकत होता. खणखणीत आवाज आला की पुढे. बद्द आला की पेन्सिलीची खूण. त्याचं काम पाहत मी तिथेच थांबलो.

डेकला खाली फायबरग्लासचा एक थर, वर एक थर आणि मध्ये बाल्साचं लाकूड असतं. बाल्सा बहुतेक इक्वेडोरमधून येतो. वजन जवळपास नाही, पण दोन थर एकमेकांपासून लांब धरून ठेवतो, त्यामुळे पातळ डेकही माणसाच्या वजनाने लवत नाही. लाकूड आडवं कापून त्याच्या नळ्या उभ्या ठेवतात. मग ते दाब चांगला सोसतं आणि पाणीही आडवं सहज पसरत नाही. मात्र ते छोट्या चौकोनी तुकड्यांत बसवलेलं असेल, तर तुकड्यांमधल्या फटींतून पाण्याला वाट मिळते. आत शिरायला भोकं असतातच. कठड्याचे खांब, दोर बांधायचे क्लीट, दोर ओढायचे विंच, सगळं डेकमधून बोल्ट घालून आवळलेलं. माणसं कठड्याला धरून चढतात, खांब हलतो, बोल्टभोवतीचं सीलंट सुटतं. थेंब थेंब पाणी मुरतं. हिवाळ्यात त्याचा बर्फ होतो आणि लाकडापासून थर सुटत जातो.

कारागिराने गोल करवतीचं पातं फक्त वरच्या थराएवढं खाली ठेवलं, खुणेच्या कडेने कापत नेलं आणि थर अख्खा उचलून बाजूला ठेवला. तोच परत बसवायचा होता. खालचं लाकूड चहाच्या चोथ्यासारखं झालेलं. पटाशीने खरवडलं की ओंजळीत यायचं, आंबूस वास मारायचा. पांढरं, कोरडं लाकूड लागेपर्यंत तो खरवडत राहिला. खुणेच्या बाहेरही हातभर जावं लागलं.

नवा बाल्सा चिकटवण्याआधी त्याने त्यावर नुसतं पातळ इपॉक्सी रेझिन लावलं आणि ते मुरू दिलं. उभ्या नळ्या रेझिन पितात. त्या आधी तृप्त केल्या नाहीत, तर सांध्यातलं इपॉक्सी शोषून घेतात. वरून सगळं ठीक दिसतं आणि सांधा कोरडा राहतो. मग घट्ट केलेल्या इपॉक्सीवर लाकूड, त्यावर जुना थर, त्यावर वजनं. कापलेल्या कडा दोन्ही बाजूंनी थराच्या जाडीच्या बारापट रुंद उतरत्या घासून त्यावर फायबरग्लासचे नवे पट्टे.

हे सगळं चार ओळींत सांगता येतं; करताना घाम निघतो. थंडीत इपॉक्सी सुकत नाही. उन्हात, एकदम जास्त कालवलं तर डब्यातच तापून धूर सोडतं. पाऊस आला तर सुकवलेलं लाकूड पुन्हा भिजतं, म्हणून होडीवर तंबू हवा. अनेक इपॉक्सींवर सुकताना मेणचट थर येतो. तो पाण्याने धुतल्याशिवाय पुढचा थर धरत नाही. काचेची धूळ अंगाला खाजते, छातीत गेली तर त्रास देते. हातमोज्यांशिवाय काम करणाऱ्याला इपॉक्सीची ॲलर्जी जडली की ती सहसा आयुष्यभर राहते. भोकं पाडून आत रेझिन सोडण्याचा सोपा मार्ग बरेच जण धरतात; ओलं लाकूड ते पीत नाही आणि पाणी आतच कोंडतं.

त्यातून मजुरी. पूर्ण डेकची मजुरी अनेकदा होडीच्या किमतीहून जास्त होते, म्हणून मालक होडी सोडून देतो. जे कुजत नाही म्हणून घेतलं, ते टाकायलाही तितकंच अवघड. मला काळजी वाटते ती याची. आपल्या कोकण किनाऱ्यावरही आता फायबरच्या होड्या सर्रास दिसतात; ज्यांच्या फायबरखाली लाकूड किंवा प्लाय आहे, त्यांच्यावरही ही वेळ येणार.

उपाय होडी नवी असतानाच करायचा असतो. प्रत्येक बोल्टचं भोक मोठं करायचं, कडेचं लाकूड कोरून तिथे घट्ट इपॉक्सी भरायचं, ते कडक झालं की त्यातून बोल्टपुरतं नवं भोक पाडायचं. मग सीलंट सुटलं तरी पाण्याला लाकूड सापडत नाही. दुरुस्ती संपवताना हा कारागीर प्रत्येक भोकाला हेच करतो. डेक बांधतानाच हे झालं असतं, तर त्याला करवत हातात घ्यावीच लागली नसती.